३,१७,२४० रुपयांच्या पाटल्या आणि जीडीपीतले ५६,२४० रुपये

लग्नसराईत "सोन्याची खरेदी वाढली, अर्थव्यवस्थेला चालना" असे मथळे येतात. महिन्याभराने आयातीचे आकडे आले की तीच वर्तमानपत्रं "सोन्याच्या आयातीने जीडीपीला फटका" असं छापतात. दोन्ही मथळे एकाच पाटल्यांबद्दल आहेत आणि दोन्हींचा हिशोब चुकलेला आहे. तो नेमका कुठे चुकतो हे पाहायला एक बिल पुरेसं आहे. खालचं बिल नमुन्याचं आहे, आकडे गोल धरले आहेत. करांचे दर आणि व्यवहाराची रीत मात्र नोव्हेंबर २०२४ची, खरीखुरी.

बिल

जळगावच्या सराफाकडे एका कुटुंबाने मुलीच्या लग्नासाठी पाटल्यांचा जोड घेतला. वजन ४० ग्रॅम, २२ कॅरेट, ग्रॅमचा भाव ७,००० रुपये.

सोनं: २,८०,००० रुपये
घडणावळ १० टक्के: २८,००० रुपये
जीएसटी ३ टक्के: ९,२४० रुपये
एकूण: ३,१७,२४० रुपये

सोबत घरातल्या जुन्या बांगड्या मोडीत दिल्या. काट्यावर त्या १८ ग्रॅम भरल्या. आटवून, डाग (सांध्यांतला हलका धातू) काढून, शुद्धतेचा हिशोब लावून सराफाने त्या २२ कॅरेटच्या १६ ग्रॅम धरल्या आणि ६,८०० रुपये भाव दिला, म्हणजे १,०८,८०० रुपये. कुटुंबाने हातातून दिले २,०८,४४०. (हॉलमार्किंगचे शंभरएक रुपये हिशोबातून सोडून दिले आहेत.)

प्रश्न एवढाच आहे: या एका व्यवहारामुळे त्या तिमाहीच्या जीडीपीत किती रुपयांची भर पडली? ३,१७,२४०, २,०८,४४०, की नुसते घडणावळीचे २८,०००? यातलं एकही उत्तर बरोबर नाही.

उत्पादनाच्या बाजूने

जीडीपी मोजायचा तर वस्तूच्या किमतीत देशाच्या हद्दीत कोणी किती भर घातली ते पाहायचं. प्रत्येक टप्प्यावर विक्रीतून विकत घेतलेला माल आणि सेवा वजा केल्या की उरतं ते मूल्यवर्धन.

पाटल्यांतलं चोख सोनं ३६.६७ ग्रॅम आहे, बाकी तांबं-चांदी. हे चोख सोनं भारतात निघालेलं असण्याची शक्यता जवळपास शून्य. कोलारची खाण २००१मध्ये बंद झाली. कर्नाटकातल्या हट्टीच्या खाणीतून वर्षाला दीड टनाच्या आसपास सोनं निघतं आणि आयात होते सातशे-आठशे टन. म्हणून हे सोनं परदेशी लगडीचं धरू. बंदरात किंवा विमानतळावर उतरतानाची किंमत २,६१,००० रुपये. २०२४च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पाने सीमाशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं होतं, त्या हिशोबाने शुल्क १५,६६० रुपये. बँक आणि घाऊक व्यापारी यांनी मिळून १,३४० रुपये ठेवले. सराफाला सोनं पडलं २,७८,००० रुपयांना.

सराफाने ते कारागिराकडे दिलं. कारागिराची मजुरी ११,००० रुपये. त्यातून गॅस, तेजाब, डाय यांवर १,५०० गेले, त्याचं मूल्यवर्धन ९,५००. सराफाने वीज, विमा, डबी-पिशवी, कार्ड मशीनचं कमिशन यांवर ३,००० खर्च केले. म्हणजे जीएसटीपूर्व ३,०८,००० रुपयांच्या विक्रीतून २,७८,००० + ११,००० + ३,००० गेले आणि उरले १६,०००. नोकरांचे पगार, गुंतवलेल्या पैशाचं व्याज आणि सराफाचा नफा या सोळा हजारांत येतो. गॅसवाला, विमावाला वगैरेंना मिळालेले ४,५०० रुपये (सगळे देशातच राहिले असं धरून) त्यांच्या खात्यावर मोजले जातात.

बेरीज: १,३४० + ९,५०० + ४,५०० + १६,००० = ३१,३४० रुपये. हे सकल मूल्यवर्धन, बातम्यांतलं जीव्हीए. त्यावर वस्तूवरचे कर मिळवायचे: सीमाशुल्क १५,६६० आणि जीएसटी ९,२४०, मिळून २४,९००. जीडीपीतली भर ५६,२४० रुपये.

म्हणजे बिलाच्या पावणेअठरा टक्के. त्यातलाही ४४ टक्के भाग कराचा आहे. सोन्याच्या खरेदीने "चालना" मिळते ती एवढ्यालाच.

जीएसटीबद्दल एक खबरदारी. आयातीच्या वेळी ३ टक्के जीएसटी भरला जातो, कारागिराच्या मजुरीवर ५ टक्के लागू शकतो, आणि ग्राहकाच्या बिलावर पुन्हा ३ टक्के. हिशोब मांडणारे नवखे लोक हे तिन्ही मिळवतात. पण आधी भरलेल्याची वजावट पुढच्याला मिळते. साखळी अखंड असेल तर सरकारच्या पदरात शेवटी ९,२४०च पडतात. साखळी तुटली, समजा मधला कोणी नोंदणीकृत नसला, तर अडकलेला कर खर्चात जातो आणि गणित थोडं बदलतं.

खर्चाच्या बाजूने

आता तोच आकडा दुसऱ्या वाटेने काढू. सरकारी व खाजगी उपभोग, भांडवल निर्मिती आणि निर्यात यांतून आयात वजा, हे सूत्र शाळेतही शिकवतात. पाटल्या उपभोगात बसत नाहीत. त्या खाऊन संपत नाहीत, झिजून जात नाहीत. लोक त्या मूल्य साठवायला घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीत अशा गोष्टींसाठी "मौल्यवान वस्तू" हा वेगळा रकाना आहे आणि तो भांडवल निर्मितीत धरला जातो. भारताच्या तक्त्यांतही तो स्वतंत्र दिसतो. २०११-१२मध्ये सोन्याची हाव शिगेला होती तेव्हा हा एक रकाना जीडीपीच्या जवळपास तीन टक्क्यांवर होता. कानातला किरकोळ डूल उपभोग आणि पाटल्या मौल्यवान वस्तू, ही रेघ काटेकोर नाही, संख्याशास्त्रज्ञाच्या विवेकावर चालते.

तर: मौल्यवान वस्तू ३,१७,२४०, आयात वजा २,६१,०००. उरले ५६,२४०. दोन्ही वाटा एकाच मुक्कामी पोचल्या.

इथेच तो जुना घोटाळा आहे. सूत्रात आयातीपुढे वजा चिन्ह दिसतं म्हणून आयात जीडीपी खाते असं वाटतं. पण हे २,६१,००० रुपये आधी ३,१७,२४०च्या पोटात मोजले गेले होते, म्हणून बाहेर काढले. भाजीवाली टोपलीसकट वजन करते आणि मग टोपलीचं वजन वजा करते, त्यात भाजी कमी होत नाही. टोपली जड असली काय, हलकी असली काय, भाजी तेवढीच.

मोड

मोडीचे १,०८,८०० कुठे गेले? कुटुंबाच्या खात्यात मौल्यवान वस्तू तेवढ्याने कमी झाल्या, सराफाच्या साठ्यात कच्चा माल तेवढ्याने वाढला. बेरीज शून्य. त्या बांगड्या नव्वदच्या दशकात घेतल्या असतील तर तेव्हा दहा ग्रॅमचा भाव पाच हजारांच्या आसपास होता. आज मिळालेली रक्कम त्याच्या कितीतरी पट आहे. हा नफा घराला खरा, आयकरालाही कळतो, पण जीडीपीत एक रुपयाही नाही. त्यात या तिमाहीत काही बनलेलं नाही, फक्त भाव चढला.

पुढे मात्र मोजण्यासारखं घडतं. सराफ ते सोनं गलाईला, म्हणजे आटवून शुद्ध करायला, देतो. नवं सोनं घेतलं असतं तर ४० ग्रॅमला २,७८,००० म्हणजे २२ कॅरेटच्या ग्रॅममागे ६,९५० पडले असते. मोडीचं पडलं ६,८००. सोळा ग्रॅमवर २,४०० रुपयांची बचत, ज्यातून गलाईची मजुरी सुटते आणि बाकी सराफाचं.

आता या सोळा ग्रॅमचा नवा दागिना त्याच दराने दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकला: १,१२,००० सोनं, ११,२०० घडणावळ, ३,६९६ जीएसटी, एकूण १,२६,८९६. यातून १,०८,८०० वजा केले की जीडीपीत भर १८,०९६ रुपये. हाच दागिना आयात सोन्यातून घडला असता तर पहिल्या बिलाच्या प्रमाणात २२,४९६ रुपये पडले असते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. मोड वापरली म्हणून देशाची आयात १,०४,४०० रुपयांनी कमी झाली. "आयात जीडीपी खाते" खरं असतं तर जीडीपी लाखाने वाढायला हवा होता. तो ४,४०० रुपयांनी कमी झाला. कारण साधं आहे: आयात झालीच नाही म्हणून ६,२६४ रुपयांचं सीमाशुल्क आणि बँक-व्यापाऱ्याचे ५३६ रुपये गेले, आणि गलाई व सराफाकडे २,४०० आले. परकीय चलन वाचलं हा फायदा मोठाच आहे, पण तो देशाच्या परकीय व्यवहारांच्या चालू खात्यावर दिसतो. जीडीपीत शोधून सापडणार नाही.

कारागिराची घट

या प्रकरणातला सगळ्यात निसरडा आकडा कारागिराचा आहे. वर मजुरी ११,००० रुपये लिहिली, पण पुष्कळदा ती रोखीत नसतेच. सराफ कारागिराला काही टक्के घट मंजूर करतो. घासताना, पॉलिश करताना जेवढं सोनं खरंच जातं ते वगळून उरलेलं कारागिराचं. ११,००० रुपये म्हणजे या भावाने दीड ग्रॅमहून थोडं जास्त सोनं, ४० ग्रॅमवर साधारण चार टक्के घट. राष्ट्रीय लेख्यांचा नियम सांगतो की वस्तुरूप मोबदला बाजारभावाने उत्पन्नात धरा. नियम ठीक आहे, पण ही घट ना सराफाच्या बिलात वेगळी दिसते ना कारागिराच्या वहीत. दुकानाची माती धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्याचंही तेच. त्याचं काम शंभर टक्के जीडीपीत मोडतं आणि कागदावर जवळपास कुठेच नसतं.

मग मोजतात कसं? जीडीपीच्या २०११-१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत अशा छोट्या, नोंदणी नसलेल्या उद्योगांचं मूल्यवर्धन पाहणीतून काढलं गेलं: एका कामगारामागे किती मूल्यवर्धन आणि असे कामगार किती, यांचा गुणाकार. हा झाला पायाभूत वर्षाचा आकडा. त्या मालिकेत पुढच्या वर्षांना तो निर्देशकांच्या आधारे पुढे ओढला जाई आणि तिमाही अंदाजात संघटित क्षेत्राची चाल मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडे. गोम इथे होती. झवेरी बाजारातल्या माळ्यावर बसलेल्या बंगाली कारागिराचं काम कमी झालं आणि त्याच वेळी मोठ्या साखळी दुकानांचं वाढलं, तर मोठ्यांची वाढ छोट्यांच्याही नावावर चढत असे. नोटाबंदीनंतर जीडीपीच्या आकड्यांवर जी टीका झाली तिचा गाभा हाच होता.

"पक्कं बिल नको" म्हणून झालेली विक्री नियमाने जीडीपीत मोडते. कर चुकवला म्हणून उत्पादन झालं नाही असं होत नाही. अडचण फक्त पकडण्याची.

भाव चढतो तेव्हा

घडणावळ टक्क्यांत आहे, याचा परिणाम क्वचितच कोणी लक्षात घेतं. ७,००० भावाला १० टक्के म्हणजे ग्रॅममागे ७०० रुपये. २०२५मध्ये चोख सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा ओलांडला. समजा २२ कॅरेटचा ग्रॅम १०,००० झाला, तर घडणावळ १,००० रुपये. पाटल्या त्याच, नक्षी तीच, हात तोच. चालू किमतींच्या जीडीपीत मूल्यवर्धन वाढलं. स्थिर किमतींत, म्हणजे भाववाढ वगळून, ते वाढायला नको, कारण काम तेवढंच झालं. त्यासाठी घडणावळीच्या रकमेतून घडणावळीचीच भाववाढ काढून टाकायला हवी. सर्वसाधारण महागाई निर्देशांक लावला तर सोनं चढत्या वर्षी दागिन्यांच्या धंद्याची वाढ फुगलेली दिसेल.

साठ्याचा नफा हा दुसरा सापळा. सराफाने ऑगस्टमध्ये ६,४०० रुपयांना घेतलेलं सोनं नोव्हेंबरात ७,००० भावाने विकलं, तर त्याच्या वहीत ४० ग्रॅमवर २४,००० रुपयांचा जादा नफा दिसेल. तो वहीत बरोबर आहे. राष्ट्रीय लेख्यांत वापरलेला माल वापरतानाच्या भावाने धरायचा असतो, म्हणून आपण सोन्याची किंमत नोव्हेंबरची, २,७८,००० धरली. कंपन्यांच्या ताळेबंदातून आकडे उचलताना ही दुरुस्ती राहून गेली तर भाववाढ उत्पादन म्हणून मोजली जाते.

नोव्हेंबर २०२४ची दुरुस्ती

याच महिन्यात वर सांगितलेल्या टोपलीची देशपातळीवर परीक्षा झाली. डिसेंबरच्या मध्याला वाणिज्य मंत्रालयाचे आकडे आले: नोव्हेंबरमधली सोन्याची आयात १४.८६ अब्ज डॉलर, व्यापारतूट ३७.८४ अब्ज डॉलर. दोन्ही तोवरचे विक्रमी. जानेवारी २०२५मध्ये सोन्याचा आकडा दुरुस्त होऊन ९.८४ अब्ज डॉलरवर आला. एप्रिल ते नोव्हेंबरची आयात तर ११.७ अब्ज डॉलरने खाली आली. विशेष आर्थिक क्षेत्रांची (सीमाशुल्कासाठी देशाबाहेर धरलेल्या पट्ट्यांची) नोंद एका संगणक प्रणालीतून सीमाशुल्काच्या दुसऱ्या प्रणालीत नेताना तेच सोनं दोनदा मोजलं गेलं होतं: क्षेत्रात येताना एकदा आणि तिथून देशात जाताना पुन्हा.

एकट्या नोव्हेंबरमधली पाच अब्ज डॉलरची चूक म्हणजे सुमारे ४२,००० कोटी रुपये, त्या तिमाहीच्या जीडीपीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आयात एवढी कमी निघाली म्हणजे जीडीपी तेवढा वाढला, असा हिशोब मांडायचा मोह साहजिक आहे. पण भारतात जीडीपीचा मुख्य आकडा उत्पादनाच्या बाजूने, म्हणजे जीव्हीए अधिक निव्वळ कर (अनुदानं वजा करून उरलेले) असा ठरतो. कारागिराचं काम, सराफाचा गाळा, बँकेचं कमिशन यांतलं काहीही दुहेरी नोंदीने बदललं नव्हतं. सीमाशुल्कही प्रत्यक्ष जमा झालेलं धरतात, ते दोनदा भरलेलं नव्हतं.

हललं ते खर्चाच्या तक्त्यात. मौल्यवान वस्तूंचा अंदाज मुख्यतः पुरवठ्यावरून बांधतात: देशातलं उत्पादन अधिक आयात वजा निर्यात. आयात फुगली की हा रकानाही फुगतो. एकीकडे अधिक, दुसरीकडे वजा, चूक स्वतःलाच खाऊन टाकते. जिथे फुगवटा एकाच रकान्यात राहतो तिथे फरक जातो तक्त्याच्या तळाशी असलेल्या "तफावत" या ओळीत. दोन बाजूंचा मेळ बसत नाही तो तिथे ठेवतात. तिमाही आकडे वाचणाऱ्याने वाढीच्या दराइतकंच लक्ष या ओळीकडे द्यावं. ती मोठी असेल तर उपभोग अमुक टक्के आणि गुंतवणूक तमुक टक्के वाढली या वाक्यांवर फार भार टाकू नये.

चोरट्या सोन्याने हाच खेळ उलटा होतो. आयातीत नोंद नाही, म्हणून मौल्यवान वस्तूंतही नाही. पण त्याच्या पाटल्या घडतात, विकल्या जातात, आणि कारागिराचं मूल्यवर्धन पाहणीत पकडलं गेलं तर उत्पादनाच्या बाजूला दिसतं.

लग्नानंतर

पाटल्या मुलीला दिल्या हे हस्तांतरण, जीडीपीत काही नाही. आहेराच्या पाकिटांचंही तेच. बँकेच्या लॉकरचं भाडं आणि त्यावरचा जीएसटी दरवर्षी पूर्ण मोजला जातो. पाटल्या तारण ठेवून १२ टक्क्यांनी लाखभर कर्ज काढलं तर मुद्दल मोजलं जात नाही. व्याजाच्या १२,००० रुपयांतूनही संदर्भदरापेक्षा (हिशोबासाठी धरलेल्या मूळ व्याजदरापेक्षा) जास्त असलेला भागच, समजा दर ६ टक्के तर ६,००० रुपये, बँकेची सेवा म्हणून धरतात. पाटल्यांऐवजी सरकारचे नवे सुवर्ण रोखे (सोन्याच्या भावाशी जोडलेले कर्जरोखे, शेवटचे फेब्रुवारी २०२४मध्ये निघाले) घेता आले असते तर सरकारवर कागदी दावा तयार झाला असता आणि वरच्या ५६,२४० मधलं काहीच घडलं नसतं.

आणि हे ५६,२४० कोणत्या राज्याचे? सराफाचे सोळा हजार महाराष्ट्राच्या सकल उत्पादनात. कारागीर मूळचा बंगालचा पण मुंबईत राहून काम करणारा, तर त्याचे ९,५००ही महाराष्ट्राचेच, गावी किती पाठवले याला महत्त्व नाही. उलट दिशेने सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले पाहा. केरळपासून पंजाबपर्यंत बाजारपेठांत त्यांच्या भट्ट्या आहेत. तिथे आटवलेल्या प्रत्येक मोडीची मजुरी त्या त्या राज्याच्या खात्यावर चढते. गावाकडे आलेल्या पैशातून खानापुरात घर बांधलं, तर गवंड्याची मजुरी आणि विटांचं मूल्यवर्धन तेवढं महाराष्ट्राच्या आकड्यात येतं.